मागून नेलेली फांदी

वळ गावातल्या आमच्या घरमालकीणबाईंइतका प्रामाणिक चोर अख्ख्या भिवंडी तालुक्यात झाला नसेल. कुणाची सुतळीसुद्धा त्यांनी कधी उचलली नाही, पण कुंपणाबाहेर डोकावणारी फांदी दिसली की त्यांचा हात कमरेला खोचलेल्या कात्रीकडे जाई. "मागून नेलेली फांदी लागत न्हाय, सर. चोरूनच न्यावी लागते," हे त्यांचं शास्त्र. अंगणातली झाडं मूळ मालकांच्या नावानं ओळखली जात: डॉक्टरांची जास्वंद, पोस्टातला क्रोटन, विहीणबाईंचा मोगरा. लग्नाहून परतल्या की पिशवीत आहेराच्या साडीखाली, ओल्या फडक्यात दोन काड्या असायच्याच. दारातला अनंत तर वज्रेश्वरीच्या कुंडावरून ओल्या लुगड्यात दडवून आणलेला. तसा वास मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

नियम त्या दोन्हीकडून पाळत. त्यांच्या झाडाची फांदी हवी असेल तर मागायची सोय नव्हती. झाडापाशी कात्री ठेवून, "चहा टाकते" म्हणत त्या आत जात आणि बराच वेळ भांडी वाजवत बसत. शहाणा माणूस तेवढ्यात काम उरके. इतरांसाठी कात्री जास्वंदीपाशी असे. अनंतापाशी ती फक्त माझ्यासाठी ठेवली जाई. मी पडलो शाळामास्तर. चोरी करू नये असं पोरांना शिकवायचं आणि संध्याकाळी परक्याच्या झाडावर कात्री चालवायची, हे काही जमेना. नऊ वर्षं भाडेकरू होतो, नऊ वर्षं नुसता चहा पिऊन आलो.

पुढे मी भिवंडीत फ्लॅट घेतला. गेल्या वर्षी बाईंच्या मुलांनी घरासकट जागा गोदामाला दिली. बाई आठ दिवस लेकीकडे गेल्या होत्या, परतल्या तोवर अंगण सपाट झालं होतं. दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून त्या माझ्याकडे आल्या आणि चपला न काढताच थेट बाल्कनीत गेल्या.

"अनंत कुठं हाय?"

"मी नेलाच नाही, मावशी."

"येवढ्या वेला मी आत गेले, ती काय चहासाठी?" त्या तिथल्याच स्टुलावर बसल्या. "आपल्याच झाडाची चोरी आपल्याला करता येत न्हाय, सर. मी तुमच्या भरवशावर होते."

थोड्या वेळानं त्या उठल्या. "लई सरळ मानूस तुमी," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना पोचवायला खाली गेलो, रिक्षा वळेपर्यंत उभा राहिलो. माझ्या हातून आयुष्यात एक चोरी झाली असती, तर ती बाई त्या दिवशी रिकाम्या हातानं गेली नसती.