जीवनगौरव पुरस्काराआधीची कानतपासणी

गिरीश बटण दाबत नव्हता.

आमच्या शहाद्याच्या क्लिनिकमध्ये काचेची खिडकी असलेली एक छोटी खोली आहे. तिला आम्ही बूथ म्हणतो. आत बाहेरचा आवाज येत नाही. पेशंटला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं आणि बाहेरून मशीनमधून एकेक सूर सोडायचा. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. खालच्या पट्टीचे सूर होते तोवर गिरीशचा अंगठा पटापट चालला. मी पट्टी चढवत नेली तसा तो थांबला. मी आवाज वाढवला. तो काचेतून माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, मी अजून सुरूच केलं नाही.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे कान तपासते आणि ऐकण्याची मशीन बसवते. गिरीश हे नाव मी बदललंय. बाकीचं त्याच्या परवानगीने लिहितेय. जवळच्याच प्रकाशा गावातल्या शेतकरी घरातला हा मुलगा पुढे देशभर रॉक गिटारिस्ट म्हणून गाजला. आमच्यासाठी मात्र तो कॉलेजमधला गिरीशच. सुरतहून आणलेली गिटार पाठीला लावून तो एसटीने यायचा. गॅदरिंगला त्याने ती स्पीकरला जोडली आणि पहिल्याच झटक्यात प्राचार्यांनी कानांवर हात ठेवले. आम्ही मुली मागच्या रांगेत बाकांवर उभ्या राहिलो होतो. त्या वयात आवाज मोठा असणं हीच चांगल्या गाण्याची खूण वाटायची.

बूथमधून बाहेर येऊन त्याने पहिली चौकशी वेगळीच केली.

"पुरुषोत्तमनगरचा भोंगा वाजतो का गं अजून?"

माझे वडील तिथल्या साखर कारखान्यात केमिस्ट होते. आमचं बालपण त्या भोंग्यावर आणि मळीच्या वासात गेलं.

"तू भोंग्याचं राहू दे. हे बघ." मी त्याच्यापुढे आलेख ठेवला. याला ऑडिओग्राम म्हणतात. त्याची रेघ डावीकडे सरळ होती आणि उजवीकडे विहिरीत उतरल्यासारखी खाली गेली होती. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाची रेघ अशी दिसते. त्याला ढोल ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो. स, श, फ, थ ही अक्षरं मात्र गळून पडतात. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज पुसट होतो. कानाच्या आतल्या ज्या पेशी गेल्या, त्या परत येत नाहीत.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"तो व्हिडिओ पाहिला असशील ना तू?"

पाहिला होता. सगळ्यांनीच पाहिला होता. एका मोठ्या समारंभात वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमसाठी त्याचं नाव पुकारलं, आणि तो खुर्चीत तसाच बसून राहिला. दुसऱ्यांदा पुकारलं तरी समोर बघत राहिला. शेवटी शेजाऱ्याने दंडाला धरून उठवलं. पुरस्काराला काडीची किंमत देत नाही, रॉकस्टार आहे, अशी चर्चा झाली. काहींनी त्याबद्दल त्याचं कौतुकही केलं.

"तुला ऐकूच आलं नव्हतं?"

"टाळ्या आणि म्युझिक एकत्र वाजत होतं. नुसता गोंगाट."

"मग सांगितलं का नाहीस?"

"माजोरडा म्हटलेलं चालतं गं. बहिऱ्याला कोण स्टेजवर घेतो?"

आता त्याला जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला होता. तो घ्यायला उठायचं होतं, बोलायचंही होतं. मुंबईत तपासायला गेलं तर बातमी फुटणार, म्हणून तो आईला भेटायच्या निमित्ताने गावी आला होता.

मी मशीन मागवलं, बसवलं. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन. "वसू, तुझं मशीन माझी गिटार खातंय. सूर लांबवला की थरथरतो."

हे मला आधी सुचायला हवं होतं. मशीनच्या माइकमध्ये त्याचाच आवाज परत शिरला की शिट्टी वाजते. ती दाबायची सोय मशीनमध्येच असते. आता गिटारचा लांबवलेला सूर आणि ही शिट्टी, मशीनला दोन्ही सारखंच वाटतं. ते बिचारं सूर दाबायला बघतं. उपाय असा की गाण्यासाठी वेगळं सेटिंग करायचं, त्यात ही सोय बंद ठेवायची, आणि बोलण्यासाठी दुसरं. पण ते खऱ्या गिटारवर आणि खऱ्या माणसाच्या आवाजावर जुळवावं लागतं. मी लॅपटॉप घेऊन प्रकाशाला गेले.

त्याच्या आईने ओट्यावर खुर्ची टाकली. बैठकीत एक काचेचं कपाट होतं. त्यात सोनेरी बाहुल्या, तबकड्या, राज्य शासनाचं सन्मानचिन्ह, विद्यापीठाने दिलेल्या डी.लिट.चा झगा घडी घालून ठेवलेला. एकावरही धूळ नव्हती.

मी कपाट बघतेय हे पाहून आई म्हणाल्या, "इतला बक्षिसं लई उना. पन मी हाक मारस ते वळीसन पाहस नही. माले वाटनं, हाऊ मोठा व्हई गया."

आपला मुलगा मोठा झाला, आता आपल्याला ओ देत नाही, असं ती बाई वर्षानुवर्षं समजत होती. तिने हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. गिरीशने ते ऐकलं की नाही, मला कळलं नाही. तो गिटारची तार लावत बसला होता.

दुपारभर आम्ही सेटिंग करत होतो. तो सूर धरायचा, मी लॅपटॉपवर कमी-जास्त करायचे. मध्येच तो कॉलेजातली एखादी धून वाजवायचा आणि मला काम थांबवावं लागायचं. गिटार जमली. मग मी बोलण्याचं सेटिंग चालू केलं आणि आईंना आत जाऊन नेहमीसारखं काहीतरी विचारायला सांगितलं.

स्वयंपाकघरातून हळू आवाज आला, "चहा मांडू का रे?"

"मांड, माय. साखर कमी टाक," गिरीश मान खाली ठेवूनच म्हणाला.

थोड्या वेळाने आई दारात येऊन उभ्या राहिल्या. चहा मांडायचा विसरल्या होत्या.

संध्याकाळी त्याच्या मॅनेजरचा फोन आला. गिरीशने फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला.

"मॅडम, ते कानाच्या आत बसणारं नाही का? दिसणार नाही असं?"

"आहे. पण त्याने यांचा कान बंद होईल. खालचे सूर यांना चांगले ऐकू येतात. कान बुजला की स्वतःचाच आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमेल. त्यांना स्टेजवर बोलायचंय."

"इमेजचा प्रश्न आहे, मॅडम."

"माझ्याकडे कानाचाच प्रश्न आला होता," मी म्हणाले. गिरीशने फोन घेतला आणि सांगितलं, "आहे तेच घालणार."

समारंभ मी घरी टीव्हीवर पाहिला. त्याचं नाव पुकारलं आणि तो पहिल्याच हाकेला उठला. लांब पांढरे केस त्याने मागे घट्ट बांधले होते. मशीन कानामागे स्पष्ट दिसत होतं. माइकसमोर तो म्हणाला, "मागे एकदा मी उठलो नव्हतो. मला ऐकू आलं नव्हतं." बाकी भाषण नेहमीसारखंच होतं, आभारांचं. मी ते नीट ऐकलं नाही, कारण मला गॅदरिंगमधले ते बाक आठवत होते.

पंधरवड्याने त्याचा प्रकाशाहून फोन आला. चिडलेला होता. "आई भांडी घासते तर डोक्यात घण पडतात. मशीन बिघडलंय."

मशीन ठणठणीत होतं. मेंदूला ते आवाज पुन्हा सवयीचे व्हायला वेळ लागतो, भांड्यांचा खणखणाट आणि वर्तमानपत्राची सळसळ सुरुवातीला फार टोचतात. हे मी प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशी सांगते. त्यालाही सांगितलं होतं, मशीन कानात घालायच्या आधी.

तेव्हापासून मी सगळ्या सूचना मशीन घातल्यानंतर देते.