सुपारी आपल्याच डब्यातली

"याच्यात मीठ न्हाय," ती म्हणाली आणि चिमटीतलं काहीतरी झटकावं तशी तिनं बोटं झटकली.

आम्ही अंगणात पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत होतो. मी पाती सारख्या करून द्यायचो, ती विणायची. शेजारी दुसऱ्या दिवशी हळद, म्हणून मांडवावर कर्णा बांधलेला. कर्ण्यातून धवला लागला होता, आणि तो गाणारी बाई हीच. माझी बायको.

"अगं, तूच हायस ती."

"म्हायती हाय. मेली किती घाईत गाते! बोट सुटलीय का हिची?"

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

तिचं नाव मी जन्मात घेतलं नाही, इथंही घेणार नाही. ती धवलारीण होती. आमच्यात लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यानं. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. मांडवात शिरली की नवऱ्याचा बापसुद्धा पदर सावरल्यासारखा उपरणं सावरतो. पुढाऱ्याच्या भाषणाला, कीर्तनाला, माझ्या हातच्या कालवणाला तिचा एकच शेरा, "मीठ न्हाय." एकदा ओहोटीला समुद्राकडं बघूनही म्हणाली.

तिची रीत अशी, की लग्नघरची सुपारी हातावर घेतली की ते लग्न पार पडेपर्यंत दुसरीकडं गायचं नाही. लग्न झालं की सुपारी ज्यानं दिली त्याच्या हातात परत. मग ती मोकळी.

आणि रेवसला बोटीतून उतरून तो मुंबईचा इसम आला. रेकॉर्ड कंपनीचा. केसाला तेल, बुटात वाळू. आमच्या ओटीवर बसून आमचाच चहा प्याला नि बशीतली माशी बघून तोंड वाकडं केलं. असला माणूस मी जाळ्यात आला तरी परत पाण्यात टाकला असता. त्यानं छापील कागद काढला. "ही गाणी आता आमची. दुसरीकडं गायची नाहीत," एवढंच सांगितलं आणि तिच्या अंगठ्याला शाई लावली.

"आधी सुपारी," ती म्हणाली.

तो हसला. खिशात काही नव्हतं. शेवटी आमच्याच पानाच्या डब्यातली सुपारी उचलून त्यानं तिच्या हातावर ठेवली. तिनं ती कपाळाला लावली. मला तेव्हाच त्याचं टाळकं फोडावंसं वाटलं होतं.

मुंबईत नेऊन तिचा धवला त्यांनी कापून कापून तबकडीत बसवला. तबकडी आली, तर गाणं रचणारा म्हणून त्याच इसमाचं नाव छापलेलं. मी वाचून दाखवलं.

"यानं? यानं कवा नवरीला हळद लावली?"

पुढची गाणी घ्यायला येतो म्हणाला होता. आला नाही. आणि हिनं लग्नात गायचं सोडलं. बायका बोलवायला यायच्या, ही कमरेचा बटवा दाखवायची. आत ती सुपारी. "सुटली न्हाय अजून."

"अगं, सुपारी आपल्याच डब्यातली!"

"दिली त्यानं ना?"

मी तिला अलिबागेला वकिलाकडं नेली. त्यानं चष्मा लावून कागद वाचला. "बाई, दुसऱ्या कंपनीला रेकॉर्ड द्यायची नाही, इतकंच आहे यात. लग्नात खुशाल गा. फुकट गप्प बसलात इतकी वर्षं."

"कागद र्‍हाऊ द्या, दादा. मी सुपारी घेतलीय."

वकिलानं माझ्याकडं बघितलं. मी आढ्याकडं.

मुंबईलाही गेलो. तो इसम कंपनी सोडून गेलेला, कुठं ते कुणी सांगेना. टेबलामागचा कारकून म्हणाला, "ठेवून जा इथं सुपारी, झाडणारा उचलेल." ही उठलीच. जिन्यावर म्हणाली, "घेतली त्याच्या हातून. या झुरळाच्या हातात देऊ?"

आम्हाला पोर नाही. शेजारची मुलगी आमच्या अंगणात वाढली, हिच्या मांडीवर भात खाऊन. तिचीच हळद होती. म्हणून त्या दुपारी माळ विणता विणता हिचे हात थांबले.

"पोरीच्या हळदीला मी गप बसायची आणि ती तबकडी ओरडायची?"

"मग जा नि गा. कोण बघतंय?"

"सुपारी बघतेय."

मी पाणी आणायला आत गेलो. बाहेर आलो तर भिंतीला डोकं टेकून होती. अर्धी माळ मांडीवर. हाक मारली. वैद्याला बोलवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेजाऱ्यांनी कर्णा बंद केला आणि मांडवातलीच माणसं खांद्याला आली. मुहूर्त काही कुणासाठी थांबत नाही. मीच म्हटलं, करा.

सकाळी हळदीला कर्णा पुन्हा लागला. तिचा आवाज, त्याच घाईत.

मी तिच्या बटव्यातली सुपारी घेतली. सुतकातल्या माणसानं मांडवात जायचं नसतं, एवढं मला कळतं. पण तबकडी वाजवायची पेटी कुंपणाशीच होती. मी हात घालून सुई उचलली. फिरती तबकडी बोटानं थांबवली. मधे त्या इसमाचं नाव दिसलं, त्या नावावर सुपारी ठेवली.

"घे. तुझी तुला पावली. ती मोकळी झाली."

मांडवातल्या बायका माझ्याकडं बघत राहिल्या.

"पोर हळदीला बसलीय," मी म्हटलं. "जन्मभर तिच्यामागं झील धरलीत ना? का वाचा बसली?"

घरी येऊन अंगणात बसलो. बऱ्याच वेळानं कुणीतरी म्हातारी एकटीच सुरू झाली. पहिल्याच ओळीला चुकली. मग दुसरी तिच्यात मिळाली, मग सगळ्या.

"याच्यात मीठ न्हाय," मी म्हटलं. अर्धी माळ पुढ्यात ओढली, आणि धवला पुरा होईपर्यंत जागचा उठलो नाही.