माझ्याच खेळाडूची उलटतपासणी

वकील होण्याआधी चार वर्षं मी बोरिवलीतल्या एका कॉलेजात मुलींना फुटबॉल शिकवला. मुलींची टीम कॉलेजात पहिल्यांदाच होत होती. "बघा, जमतंय का," एवढं बोलून प्राचार्यांनी परवानगी दिली. मैदान मुलांच्या क्रिकेटचं, त्यामुळे आम्हाला सकाळी सहा ते साडेसात. गोलपोस्ट म्हणून दोन बांबू. अर्ध्या मुली घरी एनसीसीला जाते सांगून यायच्या. मी दुपारी लॉ कॉलेजला जायचे, तिथे शेवटच्या बाकावर बसून झोपायचे.

टीममध्ये एक डिफेंडर होती, दहिसरची. आईवडील मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झालेले. ही माझ्याशी भांडायची. "मॅडम, मला सारखं मागे का ठेवता? पुढे सोडा ना एकदा." मैदानाच्या या टोकाला बोललेलं त्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. एकदा क्रिकेटवाल्या मुलांनी आमचे बांबू उपटून फेकले, तर ही एकटी जाऊन त्यांच्या कोचसमोर उभी राहिली आणि त्यांच्याकडूनच ते परत रोवून घेतले.

चौथ्या वर्षाच्या शेवटी मैदानाचा अर्धा भाग पार्किंगला गेला आणि टीम बंद झाली. "मुलींसाठी कॅरमचं बघू," प्राचार्य म्हणाले. मी फार वाद घातला नाही, याचा राग मला अजून येतो. मी परीक्षा दिली, सरकारी वकील झाले. वाटलं, इथे निदान नियम लिहिलेले आहेत.

पंधराएक वर्षांनी उपनगरातल्या कोर्टात माझ्याकडे एक मारहाणीची फाइल आली. दहिसरच्या एका चाळीत तळमजल्यावर शिंप्याचं दुकान. दुकानाच्या तोंडाशी शेजारच्या खोलीतला एक जण रोज मोटरसायकल लावायचा. साठीच्या शिंप्याने एक दिवस ती हलवायला सांगितली, तर त्या माणसाने त्याला लोखंडी पाइपने मारलं. उजव्या हाताची तीन बोटं मोडली. ती जुळली, पण वाकेनात. चाळीतल्या बाकी सगळ्यांनी पोलिसांना सांगितलं, आम्ही घरात नव्हतो. फक्त समोरच्या खोलीतल्या एका बाईने जबाब दिला होता, मारणाऱ्याच्या नावासकट. तिचं नाव मी दोनदा वाचलं. ती माझी डिफेंडर होती.

ओळख असल्याचं मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "ओळखीने काही बिघडत नाही. साक्षीला आली म्हणजे मिळवलं."

ती आली. चार वेळा. पहिल्या तारखेला आरोपी गैरहजर. दुसऱ्या तारखेला त्याच्या वकिलाचा अर्ज. तिसऱ्या वेळी पोलिसांनी पाइप आणलाच नाही. चौथ्या वेळी न्यायाधीश रजेवर. दर वेळी ती कामावर खाडा करून बाकावर बसायची आणि दर वेळी मीच तिला सांगायचे, "पुढच्या तारखेला नक्की." आधी ती हसायची. चौथ्या वेळी तिने फक्त पर्स उचलली. आरोपी व्हरांड्यात तिच्यापासून चार हातांवर उभा असायचा, हे मी पाहत होते. पाहूनही मी दुसऱ्या फाइली चाळत होते.

पाचव्या वेळी ती पिंजऱ्यात उभी राहिली.

"काय पाहिलंत?" मी विचारलं. तिला आयुष्यात पहिल्यांदा मी अहोजाहो करत होते.

"आरडाओरडा ऐकला. बाहेर आले तर काका पडलेले होते."

"कोणी मारलं?"

"ते नाही पाहिलं."

न्यायाधीशांनी तिला मोठ्याने बोलायला सांगितलं. तिने तेच परत सांगितलं, तेवढ्याच आवाजात.

मग मला जे करावं लागतं ते मी केलं. साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून उलटतपासणीची परवानगी मागितली. पोलिसांकडे दिलेला जबाब तिला वाचून दाखवला. "असं मी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. साक्षीदाराच्या तोंडची पुढची वाक्यं टायपिस्टला पाठच असतात: "हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीच्या भीतीने खोटी साक्ष देत आहे." कीबोर्डच्या कळा वाजत होत्या आणि ती माझ्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत होती.

बाहेर जिन्यापाशी मी तिला गाठलं.

"मला आधी सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर बोलावलं नसतंत का?"

"बोलावलं असतं. पण—"

"मग?" ती म्हणाली. "मॅडम, तुम्ही पाच वाजता घरी जाता. माझं घर त्याच्या दारासमोर आहे. मुलगी त्याच्या दारावरून क्लासला जाते. चार तारखा तो माझ्याकडे बघत उभा होता. तुम्ही एकदा तरी त्याला लांब उभा राहा म्हणालात?"

मी म्हणाले नव्हते. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जे आलं ते चुकीचं आलं. "तू अशी नव्हतीस."

"तेव्हा मला मुलगी नव्हती," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

शिंपी मारणाऱ्याचं नाव ठामपणे सांगत होता, पण पाइपच्या जप्ती पंचनाम्यावर पंचांच्या सह्या नीट नव्हत्या आणि दुजोरा द्यायला कोणी उरलं नव्हतं. आरोपी सुटला. मी अपिलाचा प्रस्ताव पाठवला, चांगला सहा पानी. तो दोन ओळींच्या शेऱ्यासह परत आला: अपील करण्याजोगे प्रकरण नाही. तो कागद मी फाडणार होते. मग फाइलला लावला.

शिंप्याला फोन करायला मी दोन दिवस लावले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा, "हो का," म्हणाला.

"म्हणजे बाई, आता कुठे यायचं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं झालं," तो म्हणाला. "दर तारखेला दिवस मोडत होता."