आंबापोळीतला खड्डा

समोरच्या गच्चीवर सुनीतावहिनींनी यंदाही तूप लावलेल्या ताटात आंब्याचा रस वाळत घातलाय. बिल्डिंगमधल्या पोरांसाठी, बिनसाखरेची आंबापोळी. गेल्या उन्हाळ्यात त्यांची पाच वर्षांची मनू ओल्या रसात हळूच बोट घालायची. “मने, वाळू दे की गं!” वहिनी ओरडायच्या. पोळी वाळली तरी बोटाचा खड्डा तसाच राहायचा.

थंडीत मनू तापाने गेली.

लेकरू गेलं की घरातल्या किती गोष्टी नीटनेटक्या राहू लागतात, आणि तो नीटनेटकेपणाच सोसत नाही.

संध्याकाळी वहिनी ताट न्यायला आल्या. अजून ओलसर असलेल्या त्या गुळगुळीत रसाकडे बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी कडेला आपली करंगळी रुतवली आणि ताट उचललं.