बुधवारचा कार्यक्रम

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्त वेळा हसून पुढे गेलेय. आमच्या घरात कुणाची नजर काढायला मीठ-मोहऱ्या हातात घेतल्या की मी गॅलरीत जाऊन उभी राहते. पंधरा वर्षं आवाजाचं काम केलंय. रिकाम्या खोलीत आवाज कुठून येतो, वायर का गुणगुणते, एका स्टेशनवर दुसरं कसं घुसतं... हे सगळं मला माहीत आहे. म्हणूनच हे लिहायला मला दोन वर्षं लागली. नावं बदलली आहेत, बाकी जसं झालं तसं.

मी बोरिवलीला राहते. तेव्हा अंधेरी पूर्वेला एका कम्युनिटी रेडिओवर निवेदिका होते. एका संस्थेच्या इमारतीचा तिसरा मजला, दोन खोल्या, गच्चीवर अँटेना. स्टेशन छोटं – सांताक्रूझ, कुर्ला, फार तर घाटकोपरपर्यंत कसंबसं लागायचं. माझा कार्यक्रम मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी तीन ते चार. आसपासची माणसं स्टुडिओत येऊन लाइव्ह गायची, वाजवायची. सोसायट्यांची भजनी मंडळं, लग्नाच्या बँडमधून निवृत्त झालेले एक क्लॅरिनेटवाले काका, कधी शाळेतल्या बाई. गाण्यांच्या मधे मी श्रोत्यांची नावं घ्यायचे, तब्येती विचारायचे. ऐकणाऱ्या बहुतेक दुपारी घरात एकट्या असलेल्या वयस्क बायका.

बुधवारी स्टेशन बंद असायचं. म्हणजे पूर्ण बंद – ट्रान्समीटरचा मेन स्विचच खाली.

सुरुवात झाली ती व्हॉट्सॲपवरच्या व्हॉइस मेसेजपासून. वाकोल्याहून एक आजी – इंदूआजी म्हणू – दर आठवड्याला मेसेज पाठवायच्या. मालवणी बोलायच्या, गोड आवाज. "बुधवारी पेटयेवर होती ती बाय खूप चांगली गायली. आणि तू माझा नाव घेतलंस, बरा वाटला." मला वाटलं, वार चुकतोय. वय झालंय, मंगळवारचं बुधवार झालं असेल. असे तीन-चार मेसेज आले. मी आपला हात जोडलेला इमोजी पाठवून सोडून दिलं.

मग एका सोमवारी त्यांच्या सुनेचा, प्रणालीचा फोन आला. आवाज तापलेला.

"मॅडम, तुम्ही रेडिओवर गाणी लावता की डॉक्टरकी करता?"

"काय झालं?"

"सासूबाईंनी तीन आठवडे बीपीची गोळी घेतलेली नाही. हार्टची पण नाही. उशीखाली सगळ्या जमवून ठेवल्यात. विचारलं तर म्हणतात, रेडिओवरच्या ताईने सांगितलं."

मी असं काही बोलले नव्हते, बोलणं शक्यच नव्हतं. पण आमच्याकडे हा साधा आरोप नाही. लायसन्स जाऊ शकतं. आमच्या साउंडच्या मिलिंदने माझ्यासमोर तीन आठवड्यांची सगळी रेकॉर्डिंग तपासली. गोळी हा शब्दसुद्धा नव्हता. स्टेशनचे प्रमुख म्हणाले, "तू स्वतः जाऊन भेट. आजींना समजावून सांग. लेखी तक्रार व्हायच्या आत."

मला सुट्टी बुधवारी. म्हणून बुधवारीच गेले.

वाकोल्यात पुनर्वसनाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्यांचं घर. एक खोली, आत स्वयंपाकघर. प्रणालीने अर्धा दिवस रजा काढली होती. समोरासमोर ती बिचारी शांतपणे बोलली, चहा केला. इंदूआजी पलंगावर बसलेल्या. अंगाने अगदी लहानशा, पाय सुजलेले. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनचं काम करता करता वारला, हे त्यांनीच सांगितलं. चाळीत असताना त्या बायकांच्या भजनी मंडळात पुढे बसून गायच्या. मग इमारती झाल्या, मंडळ मोडलं.

मला बघून त्यांना आनंद झाला, पण गोंधळल्याही.

"इलंस? पण आज तू हय कशी? तुजो कार्यक्रम सुरू होतलो आता."

घड्याळात तीनला दहा कमी होते.

"आजी, आज बुधवार. आज माझा कार्यक्रम नसतो. आणि मी तुम्हाला गोळ्या बंद करायला कधीच सांगितलं नाही."

त्या हसल्या, लहान मूल खोटं बोलताना पकडलं की हसतात तशा. "गोळयेन गळो सुकता म्हणालंस ना? गाणा गावचा असात तर गोळयो बंद करूक होयो. माका गावूक बोलवलंस तू."

मी प्रणालीकडे बघितलं. तिने मान हलवली – हेच, हेच चाललंय.

रेडिओ खिडकीजवळच्या फळीवर होता, साधा, काटा फिरवायचा. मी उठून बघितलं. काटा आमच्याच स्टेशनवर होता, आणि नुसती खरखर येत होती. ट्रान्समीटर बंद असल्यावर यायला पाहिजे तशीच. मला एकदम हायसं वाटलं. आजींना म्हटलं, "ऐका, काही नाहीये."

"तीन वाजांदे," त्या म्हणाल्या.

तीन वाजले. खरखर हळूहळू बारीक झाली, कुणी मिक्सरवरची आवाजाची पट्टी खाली ओढावी तशी. मग पेटीचा भाता हलल्याचा आवाज. एक सूर. आणि मग मी बोलले.

"नमस्कार मंडळी. जेवणं झाली ना?"

माझं रोजचं वाक्य. माझा आवाज. आपला रेकॉर्ड केलेला आवाज बहुतेकांना परका वाटतो, पण मी तो वर्षानुवर्षं एडिट केलाय. माझा 'श' किंचित घसरतो, तोही तसाच. प्रणालीने माझ्या तोंडाकडे बघितलं. माझे ओठ मिटलेले होते.

मी मिलिंदला फोन लावला. तो स्टेशनजवळच राहायचा, बुधवारी केबलची कामं करायला यायचा.

"ट्रान्समीटर चालू आहे का?"

"नाही. समोरच उभा आहे. का गं?"

मी फोन रेडिओसमोर धरला. परत कानाला लावला तर तो म्हणत होता, "कुठून बोलतेयस तू? हे काय वाचतेयस?"

"मी नाही बोलत, मिलिंद."

फोन तसाच चालू राहिला. इकडे रेडिओवरचं बोलणं चालूच होतं, मऊ, आपुलकीचं.

"आज इंदूताईंकडे पाहुणी आली आहे. चहा समोर आहे, पण अजून तोंड लावलेलं नाही. थंड होईल तो. इंदूताई, तुम्ही तिच्याकडे लक्ष देऊ नका. गोळ्या नाही ना घेतल्या? शहाण्या आहात. पुढच्या बुधवारी तुमचं गाणं. पेटीवाल्या बाई तुमचीच वाट बघतायत. आता फक्त सात दिवस."

 रेडिओ आपटावा असं वाटलं, पण समजवायचं आजींना होतं. मी आजींसमोर जाऊन खाली बसले आणि त्यांचे गुडघे धरले.

"आजी, मी इथे आहे. ती मी नाही."

आणि फळीवरून, एका सेकंदाच्या आत, माझ्याच काकुळतीने – "आजी, मी इथे आहे. ती मी नाही."

प्रणाली भिंतीला टेकली. आजी एकदा माझ्याकडे, एकदा रेडिओकडे बघत होत्या. आणि मला स्पष्ट दिसत होतं की त्यांचा विश्वास तिकडे आहे. का नसणार? इतक्या वर्षांत गायला कुणी बोलावलं होतं त्यांना? मी नव्हतं बोलावलं. मी इमोजी पाठवला होता.

 जे बोलेन ते तिकडून परत येणार होतं. तेवढ्यात रेडिओवर गाणं सुरू झालं. बाईचा आवाज, पेटीवर, संथ. शब्द नीट लागत नव्हते. पण इतकं गोड की भीतीतही मी ऐकत राहिले. आजींनी सवयीने मांडीवर ताल धरला. एक ओळ झाली, दुसरी, तिसरी... आणि त्यांचा हात थांबला.

त्यांनी मान तिरकी केली. कपाळावर आठी आली. अजून दोन ओळी ऐकल्या.

"ह्या बायेन दम खय घेतल्यान?"

मला आधी कळलंच नाही.

"इतक्यो ओळी झाल्यो. दम घेतल्याशिवाय कोणाक गावता येता काय?"

तेव्हा माझ्या कानांना ते कळलं. जे मला पहिल्या वाक्यालाच कळायला हवं होतं, माझंच काम होतं ते. त्या गाण्यात कुठेही श्वास नव्हता. आणि माझ्या आवाजातल्या बोलण्यातही नव्हता. बोलणारं माणूस वाक्यावाक्याला हवा आत घेतं, कितीही साफ केलं तरी खूण राहते. इथे आत घेणारं कुणी नव्हतंच.

मी आजींचा हात उचलून माझ्या छातीवर ठेवला. मी धापा टाकत होते. त्या थोडा वेळ तसाच हात ठेवून बसल्या. मग सुजलेल्या पायांनी उठल्या, भिंतीला धरत फळीपर्यंत गेल्या आणि खटका बंद केला.

ते बंद झालं. पुन्हा लागलं नाही. खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

"गोळयो दी गे," त्या सुनेला म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, बीपी फार चढलं होतं. आठ-दहा दिवस तिथे होत्या. पुढचा बुधवार त्यांनी वॉर्डमध्ये काढला, प्रणाली दिवसभर हात धरून बसली होती. काही झालं नाही. त्या आजही आहेत. रेडिओ भंगारात गेला.

तुम्ही विचाराल, रेकॉर्ड का नाही केलं. मीही स्वतःला हेच विचारते. तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही. मिलिंदने त्या दिवशी ट्रान्समीटर उघडून बघितला, तो थंडगार होता. कुणी आमच्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःचं यंत्र चालवत असेल, आवाजाची नक्कल हल्ली सहज करता येते – हे सगळं आम्ही बोललो. पण चहाचं कसं कळलं? आणि माझं वाक्य एका सेकंदात परत कसं आलं? मिलिंद अजून एवढंच म्हणतो की फोनवर त्याला माझे दोन आवाज ऐकू आले, आणि आधी जो आला तो माझा होता हे त्याला खात्रीने सांगता येत नाही.

प्रमुखांनी सांगितलं होतं, याबद्दल रेडिओवर अवाक्षर काढायचं नाही. मी ऐकलं नाही. पुढच्या शुक्रवारी क्लॅरिनेटवाल्या काकांचं वाजवणं झाल्यावर मी माईकवर म्हटलं, "मंडळी, मी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी असते. इतर कुठल्याही दिवशी माझ्या आवाजात कुणी काही सांगितलं तर ऐकू नका. आपली औषधं घ्या."

चार वाजायच्या आत मेसेज यायला लागले. घाटकोपरहून, कुर्ल्याहून, मरोळहून. मला वाटलं होतं लोक विचारतील, ही काय भानगड आहे. तसं कुणीच विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, थोड्याफार फरकाने – मग बुधवारी कोण असतं?

घाटकोपरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "ताई, मला येत्या बुधवारी गायला बोलावलंय. येऊ नको का?"

मी लगेच फोन लावला. उचलला नाही. संध्याकाळपर्यंत लावत राहिले, मग फोन बंदच येऊ लागला. शनिवारी, रविवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारीही. मेसेजही केले, निळ्या खुणा आल्या नाहीत. पत्ता कुणाकडेच नव्हता. गुरुवारी सकाळी फोन उचलला गेला. मुलगी होती त्यांची.

म्हणाली, फोन आईच्या पिशवीत बंद पडून होता, आत्ताच चार्ज केला. आई काल दुपारी गेली. दोन-तीन आठवडे गोळ्या घेत नव्हती म्हणे, आम्हाला पत्ताच नाही.

मग ती म्हणाली, "तुमचा आवाज ओळखीचा वाटतोय. काल आईजवळ रेडिओ चालू होता, तेव्हा तुम्हीच बोलत होतात ना?"

मी फोन ठेवला. त्याच महिन्यात नोकरी सोडली. आता एका ऑफिसात हिशेबनीसांच्या शेजारच्या टेबलावर टायपिंगचं काम करते, आणि अनोळखी माणसांशी शक्यतो बोलत नाही. हे काय होतं, मला माहीत नाही. माझा आवाज त्याने का घेतला, तेही नाही. माझ्यानंतर स्टेशनवर नवीन मुलगी आली आहे, चांगली बोलते म्हणतात. तिला सगळं सांगितलंय. बुधवारी दुपारी तीन वाजता स्वतःच्या घरी रेडिओ लावून बघ, असंही सांगितलं होतं. तिने लावला की नाही, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.