चिठ्ठीतली दुसरी ओळ

"मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५. ढगाळ. वॉर्डात गीताला भेटून आले. आज तिने दोन घास जास्त खाल्ले. उद्या वृषालीचा सेमिनार."

दुपारीच एवढं लिहून सत्यशीलाबाईंनी पेनाला टोपण लावलं. गीताबाई त्यांची धाकटी जाऊ. छत्तीस वर्षं ती कोल्हारला भावाकडे होती. कधी बरी, कधी अंगणात एकटीच भांडणारी. वरच्या खोलीत भाड्याने राहणारी आणि रात्री त्यांच्याकडेच जेवणारी वृषाली मानसोपचारात एम.डी. करत होती. तिने हट्ट धरला म्हणून गीताबाईंना मागच्या आठवड्यात भरती केलं, आणि उद्या ती त्यांचीच केस मांडणार होती.

चहाच्या वेळी ती लॅपटॉप घेऊन खाली आली.

"आजी, ऐका आणि चुका काढा. तारखा सगळ्या तुमच्या डायरीतल्या. 'बऱ्याच वर्षांपूर्वी' म्हटलं की आमचे सर सोलून काढतात."

"मलाच ने की. तुझ्या सरांचीच उजळणी घेते."

वृषाली हसली आणि वाचू लागली. १९८९, बाळंतपणानंतरचा अकरावा दिवस. झोप नाही, मूल माझं नाही म्हणते. माहिती देणारी, मोठी जाऊ. माहिती विश्वासार्ह. "आणि इथे लिहिलंय, गावच्या डॉक्टरांना आजार ओळखता आला नाही. त्यांनी तेव्हाच पुढे पाठवलं असतं तर..."

"पाठवलं होतं," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत होती. घरात कॉन्व्हेंटला शिकलेल्या त्या एकट्याच, म्हणून सासऱ्यांनी ती त्यांच्या हातात दिली. पहिली ओळ अशक्तपणाची. ती त्यांनी मोठ्याने वाचली. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, लगेच पुण्याला मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. नणंदेचं लग्न तोंडावर आलेलं. ती ओळ त्यांनी वाचून दाखवलीच नाही. डायरीतही 'चिठ्ठी वाचून दाखवली' एवढंच. तिसऱ्या दिवशी गीता माहेरी गेली ती गेलीच. तिची मुलगी आईवाचून वाढली.

"आठवडाभर मी रोज समोर बसून विचारतेय, आजी. का नाही सांगितलंत?"

"तू मला विश्वासार्ह लिहिलं होतंस. बरं वाटत होतं."

वृषालीने डॉक्टरांवरची ओळ पुसली. मग तो शब्दही.

"तेव्हा औषध मिळालं असतं, तर बरी झाली असती का गं?"

"बहुतेक, हो." वृषाली लॅपटॉप मिटून वर गेली.

रात्री सत्यशीलाबाईंनी दुपारच्या नोंदीखाली लिहिलं, "वृषाली मेसमध्ये जेवली. दोन भाकरी उरल्या."