एकाहत्तराव्या वर्षीचा वरचा सूर

गायकाचं वय एकाहत्तर. त्याचा रॉक बँड मी कॉलेजपासून, म्हणजे चौतीस वर्षं ऐकतोय. एवढ्या काळात माझी तीन घरं बदलली, केस गेले. दर कार्यक्रमाच्या शेवटी ते गातात, त्या गाण्यातला उंच सूर तेवढा जागचा हलला नव्हता. न बदललेली माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट उरली होती. म्हणून काल मैदानातल्या त्यांच्या कार्यक्रमात तो सूर जवळ आला, तसा मी श्वास रोखला.

"बाबा, गायचंय त्याला, तुला नाही," शेजारून लेक म्हणाली.

गायकाचा आवाज वर चढला आणि मध्येच फाटला. मग सगळं मैदान तो सूर गाऊ लागलं. गायक पुन्हा प्रयत्न करत होता. त्याला स्वतःचा आवाज ऐकू जाऊ नये, म्हणून मी जमेल तितक्या जोरात गायलो.